मुंबईच्या सागाची ‘सुहैली’ : जुनी नौका पुन्हा पाण्यावर आणताना

14 जून 2018 रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातून शिडाच्या नौकांचा एक ताफा समुद्रात निघाला. त्यात बत्तीस फुटांची, रुंद पोटाची, दोन डोलकाठ्यांची एक लाकडी नौका होती. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, 14 जून 1968 रोजी, हीच नौका याच बंदरातून निघाली होती आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता परतली होती. एकट्या माणसाने न थांबता केलेली ती जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या शर्यतीतला तो प्रवास; त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली एकाने, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. नौकेचे नाव ‘सुहैली’, आणि तिचा जन्म मुंबईचा.

नॉक्स-जॉन्स्टन यांच्या धाडसाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते नौकेबद्दल. लाकडाची नौका पन्नास वर्षे समुद्रात जाण्याजोगी राहते ती कुणी ना कुणी तिची सतत दुरुस्ती करत राहते म्हणून. आणि ती दुरुस्त करता येते, कारण बांधणाऱ्यांनी ती तशी बांधलेली असते.

कुलाब्याची बांधणी

1960च्या दशकाच्या सुरुवातीला नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते आणि मुंबईत राहत होते. स्वतःची नौका बांधून इंग्लंडला न्यायची, असा बेत त्यांनी आखला. इंग्लंडहून नकाशे मागवले, पण हाती आले ते दुसऱ्याच, जुन्या धाटणीच्या नौकेचे : अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांनी 1920च्या दशकात आखलेली ‘एरिक’. तिचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांनी वादळात अडकलेल्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी आखलेल्या नौकांमध्ये. पुन्हा नकाशे मागवण्याइतका वेळ नव्हता, तेव्हा आहे त्यावरच काम सुरू झाले.

लाकूड सागाचे. मुंबईत कुलाब्याच्या कारागिरांनी ती वाकस, कुऱ्हाड आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी घडवली. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरली. पर्शियन आखातातले अरब खलाशी आग्नेय वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, ते तिला मिळाले. पुढच्या वर्षअखेरीस ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून 1967 मध्ये इंग्लंडला पोहोचली.

सागाची निवड या किनाऱ्याला नवी नव्हती. मुंबईत जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांच्या गोदीत 1817 मध्ये उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश युद्धजहाज सागाचेच. ओकच्या लाकडातले टॅनिन लोखंडी खिळे खाते. सागातले तेल लोखंडाला त्यामानाने जपते, आणि वाळवी-बुरशीही सागाला सहजासहजी लागत नाही. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात 1990 ते 2001 या काळात ‘ट्रिंकोमाली’ची मोठी दुरुस्ती झाली. आज दोनशे वर्षांनंतरही ते पाण्यावर तरंगते आहे.

भर समुद्रातली दुरुस्ती

‘सुहैली’ किती दुरुस्तीयोग्य होती, हे 1968 मध्येच दिसले. अटलांटिकमध्ये तिच्यात पाणी शिरू लागले. पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्यातला सांधा दोन्ही बाजूंनी सैल झाला होता. नौकेवर माणूस एकटा, जवळ बंदर नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुडी मारून त्या फटीत सूत ठोकायला सुरुवात केली. श्वास टिकेल तेवढाच वेळ काम, मग वर, मग पुन्हा खाली. नौका लाटेवर डोलत असल्याने ठोकलेले सूत निसटून येई. शेवटी त्यांनी कॅनव्हासची लांब पट्टी शिवली, तिला डांबर चोपडले, पाण्याखाली जाऊन ती सांध्यावर चुकांनी ठोकली आणि वरून रेडिओ बसवताना उरलेली तांब्याची पट्टी मारली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. गळती आटोक्यात आली आणि प्रवास पुढे चालू राहिला.

सांधा सुताने भरलेला होता म्हणून तो पाण्याखाली, हातोडी-चुकांनी दुरुस्त होऊ शकला. साच्यातून काढलेल्या अखंड कवचाला तडा गेला असता, तर हा मार्ग नव्हता.

कोरड्या दालनात

1990च्या दशकात ‘सुहैली’ ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मांडली गेली. मान मोठा होता, पण दालनातली हवा कोरडी. विहिरीवरची लाकडी बादली उन्हात पडली की तिच्या फळ्या आटतात आणि ती गळू लागते; तसेच इथे झाले. सागाच्या फळ्या आकसल्या, सांधे उघडले. आपली नौका अशी मरू द्यायची नाही, असे ठरवून नॉक्स-जॉन्स्टन यांनी 2002 मध्ये तिला तिथून बाहेर काढले.

त्याच ग्रिनिचमध्ये दुसऱ्या एका नौकेचे उलट्या कारणाने हाल झाले. सर फ्रान्सिस चिचेस्टर यांनी 1966-67 मध्ये ज्या ‘जिप्सी मॉथ 4’मधून, सिडनीला एकच थांबा घेऊन, जगाला फेरी मारली, ती ‘कटी सार्क’ जहाजाशेजारी कोरड्या गोदीत उघड्यावर ठेवलेली होती. पाऊस वरून झिरपत गेला आणि पातळ थर चिकटवून घडवलेले तिचे महोगनीचे कवच कुजू लागले. खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही. घात करते ते साचलेले गोडे पाणी. 2004 मध्ये एक पौंड आणि एक ग्लास जिन-टॉनिक एवढ्या किमतीला तिचा व्यवहार झाला, ती जिथे जन्मली त्याच कॅम्पर अँड निकल्सनच्या गॉस्पोर्टमधल्या कारखान्यात तिची दुरुस्ती झाली आणि 2005 मध्ये ती पुन्हा जगप्रवासाला निघाली. वाटेत 2006 मध्ये रांगिरोआच्या प्रवाळखडकावर आपटली, न्यूझीलंडमध्ये दुरुस्त झाली आणि 28 मे 2007 रोजी, चिचेस्टर परतल्याच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, प्लिमथला पोहोचली.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय

जुन्या लाकडी नौकेची दुरुस्ती तपासणीने सुरू होते. हातोडीने फळी-फळी ठोकत जायचे : निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द आवाज करते. संशय आला की टोकदार अवजार टोचून पाहायचे. डेक आणि बाजूच्या फळ्या जिथे मिळतात, डोलकाठी जिथून डेकमधून खाली उतरते, खिडक्यांच्या चौकटी, या जागा आधी बघायच्या, कारण पावसाचे पाणी तिथेच मुरते.

खरी परीक्षा मात्र न दिसणाऱ्या भागाची. नौकेच्या तळाशी काही टन वजनाचे लोखंड किंवा शिसे लटकवलेले असते. तेच तिला कलंडू देत नाही. ते धरून ठेवतात ते पठाणातून आरपार गेलेले बोल्ट. आतून नट पाहिला तर धडधाकट दिसतो, पण लाकूड आणि लोखंड जिथे टेकतात तिथे पाणी झिरपून बोल्ट मधल्या भागात झिजलेला असू शकतो. म्हणून एखाददुसरा बोल्ट ठोकून बाहेर काढून पाहावाच लागतो. तो मधोमध बारीक झालेला निघाला, तर सगळेच बदलायचे. फळ्यांच्या लोखंडी खिळ्यांचेही तेच : खिळा गंजून फुगतो, भोवतीचे लाकूड काळे आणि मऊ पडते, मग नव्या खिळ्याला पकड उरत नाही. ‘सुहैली’च्या दुरुस्तीत गंजलेले लोखंडी जोड बदलणे हे मोठे आणि वेळखाऊ काम होते. त्यातले पुष्कळसे सत्तरी ओलांडलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतःच्या हातांनी केले.

त्यानंतर सांध्यांतले जुने सूत उपसून नवे ठोकायचे, वर लांबी भरायची. ते ठोकताना हात मोजका हवा : कमी भरले तर गळते, जास्त ठासले तर पाण्यात लाकूड फुगल्यावर फळ्याच ढकलल्या जातात. डोलकाठी धरून ठेवणारे पोलादी ताणदोर दिसायला चकचकीत असले तरी वय झाले की बदलायचे. कवचातून बाहेर जाणारे व्हॉल्व्ह, विजेच्या तारा, इंजिन, पाण्याच्या टाक्या यांची पाळी शेवटी येते. नवा मालक बहुधा गाद्या आणि रंगापासून सुरुवात करतो आणि पैसे संपल्यावर त्याला पठाणाची आठवण होते. क्रम उलटा हवा : आधी तरंगणे, मग शीड, मग सोयी.

इतके बदलल्यावर ती मूळचीच नौका उरते का? माझ्या मते उरते. तिची रेषा, तिची जोडणी आणि तिचे समुद्रात जाणे कायम असेल, तर बदललेले बोल्ट हा तिच्या आयुष्याचाच भाग आहे.

आपल्या किनाऱ्यावर

‘सुहैली’चा वारसा इकडेही परतला. ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2006 मध्ये इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे धडे घेतले होते. ‘म्हादेई’ बांधली गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने. 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी नौदलाचेच अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ याच कारखान्यात ‘सुहैली’च्या आराखड्यावर घडली. त्या वर्षी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी गंभीर जखमी झाले. पण मुंबईत एकदा घडलेला आकार अर्धशतकानंतर मांडवीकाठी पुन्हा घडू शकला, कारण त्याचा नकाशा कागदावर होता.

कोकणातल्या होड्यांना ते भाग्य नाही. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, त्या काळात फळ्या-खिळे बघून घ्यायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरायचे, ही दुरुस्तीची शिस्त आपल्या कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. आता लाकडाची जागा फायबर घेत आहे आणि मच्छीमाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण लाकडी होडी बांधणारा सुतार बहुतेक वेळा मापे डोक्यात ठेवूनच काम करतो. तो गेला की त्याने बांधलेली होडी कशी उघडायची आणि कुठून जोडायची, हे सांगणारे कुणी उरत नाही.

म्हणून उरलेल्या लाकडी होड्यांची मापे घेऊन त्यांचे नकाशे काढायला हवेत. काम करणाऱ्या सुतारांचे एकेक जोड, एकेक हत्यार आणि त्याचे नाव नोंदवायला हवे. अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे काम एका उन्हाळी सुट्टीत सुरू करता येईल. आणि एखादी होडी जपायचीच असेल, तर तिला काचेआड ठेवण्याआधी ती वर्षातून काही दिवस तरी पाण्यात जाईल, एवढी व्यवस्था करावी. तिच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला पैसा त्या सुतारालाही कामावर ठेवील, आणि त्याचा हात चालू राहिला तर पुढची होडीही दुरुस्त होईल.