घट चोवीस टक्के, वाढ वीस टक्के. मग उरले किती?

रायगड जिल्ह्यातील पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण. सरसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे देऊळ आहे. भाविकांची वर्दळ येथे वर्षभर असते. माघी आणि भाद्रपदी उत्सवांत, संकष्टीला व सुट्ट्यांत ती वाढते. कोविड-१९ च्या साथीने देशाच्या अर्थव्यवस्थेचे काय केले, हे समजून घ्यायला असे गाव सोयीचे आहे. मोठ्या आकड्यांत जे लपून राहते, ते येथे डोळ्यांना दिसते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. दुसऱ्या लाटेत, ५ एप्रिल २०२१ पासून ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. म्हणजे उन्हाळी सुट्टीचे दोन हंगाम आणि भाद्रपदातले दोन उत्सव लागोपाठ बुडाले.

एकाचा खर्च, दुसऱ्याचे उत्पन्न

समजा, एका भाविकाने गावात १०० रुपये खर्च केले. ते फुलवाल्याला मिळाले. त्याने त्यातले ६० रुपये किराणा दुकानात दिले. दुकानदाराने त्याला मिळालेल्या रकमेच्या ६० टक्के, म्हणजे ३६ रुपये, रिक्षावाल्याला दिले. ही साखळी अशीच पुढे चालली, तर १०० + ६० + ३६ + … या भूमिती श्रेणीची बेरीज २५० होते. (दहावीच्या पुढील विद्यार्थी १०० ÷ (१ − ०.६) असे सूत्र वापरून ती पडताळू शकतील.) भाविकाच्या शंभर रुपयांतून एकूण अडीचशे रुपयांचे उत्पन्न निर्माण झाले. प्रत्यक्षात काही पैसा गावाबाहेर जातो, त्यामुळे गावापुरता परिणाम याहून कमी असतो. पण तत्त्व तेच.

आता ही साखळी उलटी चालवून पाहा. भाविक आला नाही, तर शंभर नव्हे, अडीचशे रुपयांचे उत्पन्न बुडते. देवळाची पायरीही न चढणारा किराणा दुकानदार देऊळ बंद झाल्याने अडचणीत येतो, तो असा.

साठवता येते ते आणि न येते ते

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटले, असा पहिला सरकारी अंदाज होता. पण ही घट सगळीकडे सारखी नव्हती. बांधकाम सुमारे ५० टक्क्यांनी, व्यापार, हॉटेल, वाहतूक व दळणवळण ४७ टक्क्यांनी, तर कारखानदारी ३९ टक्क्यांनी घसरली. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली.

असे का व्हावे? शेतीची कामे उघड्यावर चालतात आणि पावसाला टाळेबंदी नसते. खरिपाची पेरणी झाली. सायकल एप्रिलमध्ये खपली नाही, तर ती गोदामात राहते आणि दिवाळीत खपू शकते. पण लॉजमधली १० एप्रिलची रिकामी खोली नोव्हेंबरमध्ये विकता येत नाही. न झालेली रिक्षाची फेरी कायमची बुडते. सेवा साठवता येत नाही. म्हणून पालीसारखी, सेवेवर जगणारी गावे अधिक पोळली.

टक्केवारीचा चकवा

पुढच्या वर्षी, एप्रिल ते जून २०२१ मध्ये, २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. चोवीस गेले, वीस आले, म्हणजे तूट चारच टक्क्यांची, असे कोणालाही वाटेल. हिशेब करून पाहू. मूळ उत्पादन १०० धरले, तर २३.९ टक्के घटीनंतर ७६.१ उरले. आता २०.१ टक्के वाढ आहे ती शंभरावर नव्हे, ७६.१ वर. म्हणून ती १५.३ इतकीच भरते आणि एकूण ९१.४ होतात. तूट चारची नाही, साडेआठांहून अधिक आहे. ७६.१ वरून पुन्हा शंभरावर यायला सुमारे ३१ टक्के वाढ लागते.

पूर्ण वर्षांचे नंतर सुधारलेले आकडे असे : २०२०-२१ मध्ये ५.८ टक्के घट आणि २०२१-२२ मध्ये ९.७ टक्के वाढ. म्हणजे १०० चे ९४.२ आणि मग १०३.३ झाले. देश साथीपूर्वीच्या पातळीच्या पुढे गेला खरा. पण साथ आली नसती आणि वर्षाला चार टक्केच वाढ झाली असती, तरी दोन वर्षांत १०८ झाले असते.

साखळी पुन्हा कशी जुळली

तुटलेली साखळी जोडायची, तर कोणाच्या तरी हाती खर्चासाठी पैसा हवा. रिझर्व्ह बँकेने मे २०२० पर्यंत रेपो दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला, म्हणजे कर्ज स्वस्त केले. रोजगार हमीसाठी अंदाजपत्रकातील ६१,५०० कोटी रुपयांत आणखी ४०,००० कोटींची भर पडली. रेशनवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळाले. धान्यावरचा खर्च वाचला, की तो पैसा औषधाकडे किंवा वहीकडे वळतो. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले. हाही आर्थिक उपायच होता, कारण भीती असेपर्यंत नुसता खिशात पैसा असून भाविक प्रवासाला निघत नाही.

सरासरीच्या आड

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. सकल उत्पादनाचा आकडा एकूण किती पिकले, किती बनले, हे सांगतो. कोणाच्या घरात किती आले, हे सांगत नाही. शिवाय तिमाही अंदाज करताना नोंद नसलेल्या लहान धंद्यांचे उत्पन्न बरेचसे नोंदलेल्या कंपन्यांच्या आकड्यांवरून ठरवले जाते. मोठी कंपनी सावरली आणि फुलवाला सावरला नाही, तर ते त्या आकड्यात लवकर उमटत नाही. कर्ज फेडण्यासाठी रिक्षा विकलेल्याला देशाचे १०३ झाल्याने रिक्षा परत मिळत नाही. शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा आपोआप वर्गात येत नाही.

म्हणून वर्गात एक उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दहा वेगवेगळ्या व्यावसायिकांना नावे न लिहिता विचारावे : २०१९ ची कमाई १०० धरली, तर २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये ती किती होती? काय विकावे लागले? कर्ज कधी फिटले? मग दहा आलेख एकाच कागदावर काढावेत आणि त्यांची सरासरी वेगळ्या रंगाने दाखवावी. सरासरीची रेषा शंभराला पोचली, तेव्हा किती रेषा तिच्या खाली होत्या, हे मोजायला सांगावे. साथीचे अर्थशास्त्र त्यांना त्या एका कागदावर समजेल.