एका माणसाची जोडी

'मैंने प्यार किया'च्या कॅसेटवर संगीतकार म्हणून 'राम-लक्ष्मण' असं छापलेलं असायचं. कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल तसेच हे दोघे असणार, असं ऐकणारे धरून चालायचे. प्रत्यक्षात हा चित्रपट 1989 मध्ये आला, तेव्हा या जोडीतला राम जाऊन तेरा वर्षं झाली होती. संगीत एकट्या लक्ष्मणाचं, म्हणजे नागपूरच्या विजय पाटील यांचं होतं.

पाटलांचा जन्म 1942 चा. गाण्याचे पहिले धडे वडील आणि काका यांच्याकडून मिळाले. पियानो आणि अ‍ॅकॉर्डियनवर हात बसला, तसे ते मुंबईला आले. तिथे संगीतकार सुरेंद्र यांच्याशी सूर जुळले आणि दोघांचं एकत्र काम सुरू झालं. दादा कोंडके यांनी त्यांना 'पांडू हवालदार' (1975) दिला आणि जोडीचं नावही दिलं. सुरेंद्र झाले राम, विजय झाले लक्ष्मण. पुढे राजश्री प्रॉडक्शन्सचा 'एजंट विनोद' हाती आला, आणि त्याच सुमारास, 1976 मध्ये, सुरेंद्र यांचं निधन झालं.

गाण्याच्या दुनियेत जोड्या अनेकदा स्वखुशीने सुटतात. 'व्हॅम!' या इंग्लिश जोडीतला जॉर्ज मायकल 1986 मध्ये वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी 'फेथ' हा अल्बम घेऊन स्वतःच्या नावावर उभा राहिला. पाटलांची गोष्ट वेगळी होती. वाटा वेगळ्या झाल्या नव्हत्या, सोबतीच गेला होता. स्वतःचं नाव लावून नवी सुरुवात करता आली असती. त्यांनी मित्राचं नाव आपल्या नावापुढे तसंच ठेवलं आणि शेवटपर्यंत 'राम-लक्ष्मण' म्हणूनच काम केलं.

शंकर-जयकिशन यांच्यातले जयकिशन 1971 मध्ये गेले. शंकर यांनीही जोडीचं नाव सोडलं नाही, पण पूर्वीचं वैभव परत आलं नाही. पाटलांचं नेमकं उलट झालं. त्यांची सगळ्यात मोठी गाणी ते एकटे पडल्यानंतरची आहेत. 'हमसे बढ़कर कौन' (1981) मधलं 'देवा हो देवा' घ्या. रफी आणि आशा भोसले यांचे आवाज असलेलं हे गाणं आजही गणेशोत्सवात वाजतं. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरपासून मुंबईपर्यंत, मिरवणुकीत ते ऐकलं नाही असा माणूस विरळा. 'मैंने प्यार किया'साठी फिल्मफेअर मिळालं, 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन'ची चौदा गाणी घरोघरी पोचली, 1999 मध्ये 'हम साथ साथ हैं' आला.

हे जमलं त्याला कारणं आहेत. ऐकताक्षणी तोंडात बसणारी चाल ही पाटलांची स्वतःची ताकद होती, आणि राजश्रीच्या बडजात्या घराण्याने ती ओळखून त्यांच्यावर पुन्हा पुन्हा विश्वास टाकला. लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे आवाज लाभले, हे भाग्यही मोठं.

मात्र मित्राच्या आठवणीची किंमत त्यांनी मोजली. गाणी सगळ्यांना पाठ, पण विजय पाटील हे नाव फार थोड्यांना ठाऊक. राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार 2018 सालचा, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावरचा. 22 मे 2021 रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा राम-लक्ष्मण ही इतकी वर्षं एकच व्यक्ती होती, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

नावांचा असा घोळ टाळता येतो. आता खानदेशातूनही पॉप गाणी देशभर जाऊ लागली आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये गाजलं. त्यात गायक म्हणून संजूचं नाव, संगीतासाठी जी-स्पार्कचं. कोणाचं काम कोणतं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. धुळे-जळगावात अहिराणी गाणी करणाऱ्या पोरांनी ही पद्धत पक्की धरावी. जोडीचं नाव खुशाल लावा, पण त्याखाली चाल कोणाची, शब्द कोणाचे, वादन कोणाचं, हे प्रत्येकाच्या पूर्ण नावानिशी लिहा.