काटा मधोमध, तरी गाडी गरम

खंबाटकीचा चढ, पुढे रांगेत ट्रक, एसी चालू. अशा वेळी नजर आपसूक डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे जाते आणि तो मधोमध दिसला की जीव भांड्यात पडतो. बऱ्याच गाड्यांत मात्र हा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, तो जागचा हलत नाही. उगाच घाबरून कुणी गॅरेज गाठू नये म्हणून. खरा आकडा जातो इंजिनच्या कॉम्प्युटरकडे आणि तो पाठवतो बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर.

थर्मोस्टॅटजवळ किंवा इंजिनच्या हेडमध्ये तो पेचाने घट्ट बसवतात. टोक कूलंटमध्ये बुडालेलं. आत निकेल, मँगनीज अशा धातूंच्या ऑक्साइडचा मणी असतो. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते, हा मणी तापला की कमी. असला उफराटा स्वभाव मायकेल फॅरडेला १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना जेमतेम तीनशे. कॉम्प्युटर पाच व्होल्ट पुरवतो, सेन्सरवर त्यातले किती उरले ते बघतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. सकाळी पेट्रोल किती जास्त सोडायचं, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, हे सगळं त्या आकड्यावर.

सेन्सरच्या वायरचा कपलर निघाला तर पाचच्या पाच व्होल्ट दिसतात, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातही उणे ४० अंश! अशा थापेवर कॉम्प्युटर सहसा विश्वास ठेवत नाही; चेक इंजिनचा दिवा लावतो, फॅन सतत फिरवतो आणि अंदाजाने गाडी चालवतो. जास्त छळतो तो थोडंसंच खोटं बोलणारा सेन्सर. तापलेलं इंजिन तो कोमट सांगतो; गाडी पेट्रोल पिते, फॅन उशिरा लागतो, दिवा मात्र लागत नाही. मग आधी थर्मोस्टॅट बदलला जातो, नंतर फॅन. खरं तर सेन्सर काढून गरम पाण्यात धरला आणि मल्टिमीटर लावला, की दहा मिनिटांत निकाल लागतो.

चांगल्या सेन्सरलाही एक मर्यादा आहे: टोकाला जे लागतं तेवढंच त्याला कळतं. होज फुटून कूलंट वाहून गेलं की टोक हवेत लटकतं. तेव्हा हेड वाकायच्या बेतात असलं तरी काटा खाली येऊ शकतो. बॉनेटमधून वाफ किंवा कूलंटचा गोडसर वास आला, तर काटा काहीही म्हणो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नये. आतलं कूलंट शंभराच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल होताच ते उसळून थेट अंगावर येतं.