शेण, मेण आणि पहिलं अक्षर

मागच्या व्याख्यानानंतर एका आजींनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाल्या, "सर, मला लिहिता-वाचता येत नाही. नातीला गोष्टी सांगते. पण घरातले म्हणतात, आता ती चार वर्षांची झाली, गोष्टी पुरे, अक्षरं शिकू द्या. मग माझ्या गोष्टी वायाच म्हणायच्या का?" प्रश्न आमच्या जिव्हारी लागला. आमची आजीही निरक्षरच होती. म्हणून आज त्याचंच उत्तर शोधू.

आपण शिकवताना बहुधा अक्षरापासून निघतो. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त नेमकं उलट म्हटलंय. अर्थ असतो तो अखंड वाक्याला. पदं आणि वर्ण हे आपण समजून घेण्यासाठी पाडलेले तुकडे. आता तो काही बालवाडीबद्दल बोलत नव्हता, हे कबूल. पण घरातलं मूल भाषा अशीच शिकतं ना? 'क' भेटण्याच्या कितीतरी आधी त्याला काऊ भेटलेला असतो. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक दंगेखोर वर्गाला आधी गोष्टीनेच आपलंसं करतो.

आपली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं. आता हे दोन शब्द पाटीवर एकाखाली एक लिहा: शेण, मेण. फरक किती? पहिल्या अक्षराचा. पण त्या एका अक्षरापायी एक घर राहिलं आणि एक गेलं! अक्षराचं काम काय, तर भेद दाखवणं. तक्त्यावरचा 'श' मुलाला हे सांगत नाही. गोष्टीतला सांगतो, कारण त्यात काऊचं घर पणाला लागलेलं असतं.

घरी करायचं काय? एकच गोष्ट, शक्यतो त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगायची. मुलं शब्द बदलू देत नाहीत, लगेच टोकतात. ते टोकणं म्हणजे भाषेकडे बारीक लक्ष असणं. मग मुलालाच गोष्ट सांगू द्यायची आणि त्याचं एक वाक्य त्याच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहायचं. शब्दाखाली बोट ठेवून वाचायचं. पुढे 'शेण', 'मेण' सुटे काढायचे, 'श' आणि 'म' यांचे आवाज सांगायचे. नंतर विचारायचं, इथे 'प' घातला तर? पेण! गणपतीच्या मूर्तींचं गाव तयार. 'चिऊ' लिहिताना मात्र थांबायचं. वेलांटी 'च'च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. इथे मुलं अडखळतात, तो त्यांचा दोष नव्हे.

एक सावधगिरी. पाठ झालेली गोष्ट मूल घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं, वाचायला लागलं. तसं नसतं. शब्दांची जागा बदलून बघा, म्हणजे कळेल. नुसत्या गोष्टीने अक्षर येत नाही, ते दाखवावंच लागतं. पण अक्षर कशासाठी शिकायचं, ते मुलाला गोष्टीतून कळतं. पाच-दहा मिनिटं रोज पुरेत. मूल कंटाळलं की पाटी बाजूला, गोष्ट चालू.

त्या आजींना आम्ही म्हटलं, गोष्ट तुम्ही सांगा, नात ती आपल्या शब्दांत सांगेल, तिचं वाक्य सूनबाई किंवा मुलगा लिहील. काम तिघांचं आहे, आणि पहिलं काम तुमचं. त्यावर त्या जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती पाटीवर शिकत असताना मी शेजारी बसले तर चालेल का? मलापण 'शेण' कसं लिहितात ते बघायचंय."

चालेल का? मंडळी, आम्हाला आमच्या आजीला हे कधी विचारायचं सुचलं नाही. तुमच्या घरात कोणी असेल, तर तुम्ही जरूर विचारा.