न्हाणीतली वाफ बाहेर काढा

भात शिजताना झाकण उचलून पाहा. आतून त्याला पाणी लागलेले दिसेल. हे पाणी कोठून आले? भांड्यातली वाफ वर गेली. वरचे झाकण थोडे गार होते. त्याला लागताच वाफेचे पाणी झाले.

आपली अष्टमी कुंडलिका नदीच्या काठी. पलीकडे रोहे. पावसाळ्यात इथली हवा ओलीच असते. आता पुष्कळांची न्हाणी घरातच असते. वाफ जावी म्हणून लोक विजेचा पंखा बसवतात. हे चांगलेच आहे. पण काही जण पंख्याची नळी माळ्यावरच सोडून देतात. वरचा पत्रा पावसाने गार झालेला असतो. तो भाताच्या झाकणासारखाच! वाफेचे पाणी होऊन वाशांवर पडते. लाकूड भिजते, बुरशी धरते, हळूहळू कुजते. खालून काहीच दिसत नाही.

म्हणून नळी थेट घराबाहेर काढा. ती आखूड आणि सरळ असावी. बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे नळीतले पाणी बाहेर गळेल. तोंडाला झडप व जाळी लावा. मग पाऊस आणि पाखरे आत येणार नाहीत. जाळी अधूनमधून साफ करा.

दाराखाली बोटभर फट ठेवा. नवी हवा आत आली तरच जुनी बाहेर जाते. आंघोळ झाल्यावरही पंखा वीस मिनिटे चालू ठेवा.

तुमच्या पंख्याची नळी कुठे उघडते? आजच माळ्यावर चढून पाहा. वासेही हाताने चाचपा. वाफेला वाट द्या, घर टिकेल.