आपल्या नदीकाठचा वाळुंज

क्रिकेटची बॅट कशाची? विलोच्या लाकडाची. पण विलो म्हणजे कोणतं झाड, हे मला ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणाले, "अरे, त्याचाच भाऊबंद आपल्या नीरेकाठी आहे. त्याला वाळुंज म्हणतात."

या झाडांच्या शेकडो जाती आहेत. सर्वांचे शास्त्रीय प्रजातिनाव सॅलिक्स. बॅटचा विलो वेगळ्या जातीचा. तो काश्मिरात लावतात. तिकडे त्याला 'वीर' म्हणतात. हिंदीत 'बेद' म्हणतात. संस्कृतातले नाव जलवेतस. पण खुर्च्या विणतात तो वेत निराळा, तो ताडाच्या कुळातला.

वाळुंजाची पाने लांबट, टोकदार असतात, खालून पांढरट. त्याचे बी रुईच्या म्हातारीसारखे कापूस घेऊन उडते. मुळे काठाची माती धरून ठेवतात.

आमच्या शेताकडेचा वाळुंज जळणासाठी तोडला. पुढच्याच पुरात तिथला काठ ढासळला, दोन सऱ्या ऊस गेला. आजोबा म्हणाले, "झाड होतं तवर कळलं न्हाई."

वाळुंजाची ओली फांदी चिखलात खोचली की फुटते. आम्ही यंदा पाच खोचल्या, तीन जगल्या. पालकांनो, तुम्हीही एक फांदी लावा आणि मुलांना तिचे नाव सांगा.

— इयत्ता ४ थी