प्रोग्रामचा स्वतःचा ठावठिकाणा

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये बिले छापणारा प्रोग्राम, शॉर्टकटवरून उघडला की शेजारीच असलेली सेटिंगची फाइल सापडत नाही म्हणून हटून बसे. कारण तो ती स्वतःच्या फोल्डरात नव्हे, तर ज्या फोल्डरातून त्याला हाक मारली गेली तेथे धुंडाळीत असे.

स्वतःचे फोल्डर ओळखण्यासाठी आर्गव्ही-शून्यावर, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या पहिल्या आर्ग्युमेंटवर, विसंबणे व्यर्थ. ते हाक मारणारा देईल ते नाव असते, अधिकृत दाखला नव्हे.

दाखला ऑपरेटिंग सिस्टिमच्या दप्तरी मिळतो. लिनक्सवर ‘/प्रॉक/सेल्फ/एक्झी’ ही लिंक रीडलिंकने वाचावी. मात्र प्रोग्राम चालू असतानाच मूळ फाइल खोडली गेली, तर पत्त्याच्या शेवटी ‘डिलिटेड’ असा शेरा येतो, आणि तो मला तलाठ्याच्या ‘मयत’ या नोंदीइतकाच निर्विकार वाटतो.

विंडोजवर गेटमॉड्यूलफाइलनेम, तेही डब्ल्यू-रूपातले, म्हणजे युनिकोडचे, वापरावे. कारण फोल्डराचे नाव देवनागरीत ‘भंडारा’ असेल, तर ए-रूप नुसती प्रश्नचिन्हे हाती ठेवू शकते. विंडोजच्या जुन्या २६० अक्षरांच्या मर्यादेत मार्ग मावेलच, हेही गृहीत धरू नये.

मॅकवर एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथने दिलेला मार्ग लिंकचाही असू शकतो, म्हणून तो रिअलपाथकडून उलगडून घ्यावा.